तू पॉइंट सरकवला नाहीस

ताई, तुझ्या पुण्यानुमोदनाला ती माणसं आली होती. मी बोलावलं नव्हतं. आपल्या कॉलनीच्या विहारासमोर त्यांची पांढरी गाडी थांबली आणि मागच्या सीटवरून त्यांनी गुंडाळलेला फ्लेक्स काढला. फ्लेक्सवर तू. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात माती काढायचं ऑगर, आणि कोपऱ्यात तुझ्या चेहऱ्याहून मोठं त्यांच्या कंपनीचं चिन्ह. मला न विचारता त्यांनी तो तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी बांधलासुद्धा.

वंदना झाली. बोलणारे बोलले. मग रोहन सर उठले. तुझे प्रकल्प प्रमुख. पांढरा शर्ट, आवाज अगदी हळू.

"उज्ज्वला मॅडम म्हणजे आमच्या प्रकल्पाचा आत्मा होत्या," ते म्हणाले. "त्या मातीसाठी जगल्या आणि मातीचं काम करता करताच गेल्या. आमच्या नव्या प्रशिक्षण हॉलला आम्ही त्यांचं नाव देणार आहोत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या शोकसभेत टाळ्या. आई माझ्याकडे वळली आणि कानाशी येऊन म्हणाली, "चांगलं बोलला ना रे तो? उज्जूचं नाव देणार म्हणे." तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. त्याचाच मला जास्त संताप आला. तिचं ते समाधानसुद्धा त्यांनीच द्यावं?

मी उठून माईक घेतला. तयारी काही नव्हती. मी म्हणालो, "माझ्या बहिणीला ह्याच साहेबांनी उन्हाळा लागायच्या आधी कामावरून काढलं होतं. ती गेली तेव्हा ती ह्यांच्या प्रकल्पात नव्हती. तिला का काढलं, ते साहेबांनी आत्ता इथे सांगावं."

मामांनी माझा दंड धरला. "बाळा, आज नको."

रोहन सर म्हणाले, "दादा, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. आपण बाहेर बोलू."

बाहेर काय बोलायचं होतं? मी फ्लेक्सची दोरी सोडली, तो गुंडाळला आणि त्यांच्या ड्रायव्हरच्या हातात दिला. तू असतीस तर मला तिथल्या तिथे गप्प केलं असतंस. नंतर घरी आल्यावर म्हणाली असतीस, "माणसं जेवायला थांबली होती, तुला एवढीही शुद्ध नाही?" माहीत आहे मला. पण तू नव्हतीस, आणि तू नव्हतीस म्हणूनच तर मी उठलो.

आज सगळं सांगून टाकतो. काही तुला माहीत आहे, काही तुझ्या माघारी घडलंय.

तुझं आणि माझं भांडण कार्बन क्रेडिटच्या पहिल्याच दिवशी सुरू झालं. तू माती परीक्षणाची प्रयोगशाळा सोडून ह्या लोकांकडे जाणार म्हणालीस तेव्हा आपण स्वयंपाकघरात होतो, आई भाकऱ्या थापत होती. तू समजावून सांगितलंस. शेतकऱ्याने नांगरट कमी करायची, काडीकचरा जाळायचा नाही, शेणखत आणि हिरवळीचं खत घालायचं. मग मातीतला सेंद्रिय कर्ब वाढतो, म्हणजे हवेतला कार्बन मातीत येऊन बसतो. किती बसला ते काही वर्षांनी मोजायचं आणि तेवढ्याचं क्रेडिट एखाद्या धूर सोडणाऱ्या कारखान्याला विकायचं. त्यातला वाटा शेतकऱ्याला.

मी म्हणालो, "म्हणजे तिकडे धुराडं चालूच राहणार. इकडे कळवणच्या कुठल्या तरी बाईने शेण टाकायचं, आणि तिकडच्या शेठला झोप लागणार."

"तू धुराड्याचं बघ," तू म्हणालीस. "मी मातीचं बघते. माती सुधारली तर ती कोणाच्या रानात राहणार? त्या बाईच्याच ना? शेठ ती उचलून नेणार आहे का?"

"आणि मोजणाऱ्याने खोटं मोजलं तर?"

"मोजणारी मी आहे."

तू कसली हट्टी होतीस ते मी लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे तू खोटं मोजणार नाहीस ह्यावर माझा पूर्ण विश्वास होता. मला एवढंच कळत नव्हतं की खरं मोजलेलं कोणाला नको असलं तर काय होतं, हे तुला अजून कसं कळत नाही. मी अंबडच्या कारखान्यात क्वालिटीमध्ये काम करतो. आमच्याकडे बुश, म्हणजे यंत्रातलं धातूचं नळकांडं, मापापेक्षा केसभर जाड निघालं तरी तो लॉट बाजूला ठेवतात. प्रॉडक्शनवाले ओरडतात, मॅनेजर ओरडतो, पण बाजूला ठेवतातच, कारण तो पुढे गेला तर गिऱ्हाईक परत पाठवतं. मी तुला विचारलं होतं, "तुझ्या क्रेडिटमध्ये माल परत कोण पाठवणार? विकणाऱ्याला जास्त हवा, घेणाऱ्याला स्वस्त हवा. मातीत खरंच काय आहे हे कोणाला बघायचंय?"

तू हसलीस आणि म्हणालीस, "तुझ्यासारखा एक तरी कुठे तरी बसलेला असेल."

तुला आठवतं का, मला मातीची घनता कळत नव्हती तेव्हा तू आईच्या पिठाचा डबा ओढला होतास? एक वाटी सैल भरलीस, एक वाटी दाबून भरलीस. "वाटी तेवढीच, पीठ कोणत्या वाटीत जास्त?" मी म्हणालो, दाबलेल्या. "मग ट्रॅक्टरच्या चाकाखाली दाबलेल्या रानातली वीतभर माती काढली तर त्यात कर्ब जास्तच दिसणार. वाढलेला नसला तरी दिसणार. म्हणून लोखंडी रिंग ठोकायची, तेवढ्याच मापाची माती काढायची, वाळवून तिचं वजन करायचं. हे कंटाळवाणं काम आहे, म्हणून लोक टाळतात." आई म्हणाली, "पीठ सांडलंस ते आधी भर." तू ओट्यावरचं पीठ हाताने गोळा करत होतीस आणि तरीही रिंगबद्दलच बोलत होतीस. मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता. माझ्या कामाबद्दल मी घरी असं कधी बोललेलो नाही.

त्या हिवाळ्यात मी तुझ्याबरोबर कळवणला आलो, सुट्टी होती म्हणून. यमुनाबाईंच्या रानात. त्यांच्याबद्दल तू इतकं बोलायचीस की त्या मला आधीच ओळखीच्या वाटत होत्या. साठीच्या पुढची बाई, नवरा गेलेला, मुलगी सासरी, दोन गाई आणि उताराचं रान. तू मोबाईलवर जागा शोधलीस, उभी राहिलीस, वरचा पालापाचोळा हाताने बाजूला केलास आणि ऑगर फिरवायला लागलीस. मी म्हणालो, दे मी करतो. तू दिलं नाहीस. "तू जोर लावशील आणि वरची माती खाली जाईल."

यमुनाबाई बांधावर बसून बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, माझं रक्त तपासाया आजपोत्तर कोनी दवाखान्यात नेलं नाय. आन् ही बाई माझ्या मातीचं तपासाया नाशकावरनं येती."

तू ऑगर तसंच सोडून त्यांच्याकडे बघितलंस. पुढच्या खेपेला तू त्यांना गाडीत घालून कळवणला नेलंस आणि रक्त तपासून आणलंस. साखर निघाली. ते तू मला सांगितलं नव्हतंस. यमुनाबाईंनीच परवा सांगितलं. रोहन सरांनी भाषणात हे सांगितलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्यांना कुठे माहीत होतं.

मग फेरमोजणीचं वर्ष आलं. पुन्हा त्याच जागा, पुन्हा तीच खोली, तीच रिंग. रिपोर्ट आले त्या रविवारी तू जेवली नाहीस. मी विचारलं, काय झालं?

"वाढला नाही," तू म्हणालीस.

"कुठे?"

"बहुतेकांकडे. यमुनाबाईकडे चांगला वाढलाय. अजून काही जणांकडे थोडा. बाकी जिथे होता तिथेच. काही ठिकाणी उतरलाय."

मला वाटलं होतं की असं झालं तर मी म्हणेन, बघ, मी सांगितलं होतं. पण तुझा चेहरा बघून मी नुसतं तुझं ताट झाकून ठेवलं. तू म्हणालीस, "मला वाटलं होतं वाढेल. त्यांनी सगळं केलं होतं रे. जाळलं नाही, नांगरलं नाही. मला का ते कळायला हवं." तुला त्या रात्री क्रेडिटची काळजी नव्हती. का वाढला नाही, हाच विचार होता.

तिकडे मात्र त्यांना फक्त क्रेडिटची होती. तू फोन स्पीकरवर टाकला होतास, हात भांड्यात होते म्हणून, त्यामुळे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. रोहन सर म्हणाले, "मॅडम, मॉडेलमध्ये वाढ दिसतेय. उपग्रहाच्या डेटातही दिसतेय. फक्त तुमच्या नमुन्यात नाही. म्हणजे नमुना घेण्यात काहीतरी गडबड आहे."

"गडबड नाही सर. त्याच जागा आहेत."

"जागा थोड्या सरकवा ना. पॉइंट म्हणजे काय दगडावरची रेघ आहे का? शेत तेच, शेतकरी तोच. थोडं इकडे, जिथे खत जास्त पडलंय तिथे घ्या."

"मग पहिल्या वेळी पण उकिरड्याजवळचीच घ्यायला हवी होती सर. तेव्हा रानातली घेतली, आता उकिरड्याची घेतली, तर वाढ होणारच. ती मातीतली नाही, आपल्या फिरण्यातली."

समोरून ते हसले. अगदी प्रेमाने म्हणाले, "शेतकऱ्यांचं नुकसान व्हावं असं तुम्हाला वाटतं का?"

हेच ते वाक्य, ताई. हे वाक्य मी अजूनही विसरलेलो नाही. चोरी स्वतः करायची आणि दोष तिच्यावर टाकायचा जी चोरी करत नाही. तू फोन ठेवलास आणि पुन्हा भांडी घासायला लागलीस. मी म्हणालो, सोड ही नोकरी. तू म्हणालीस, "मी सोडली की दुसरा कोणीतरी येईल आणि सरकवेल."

मी म्हणालो, "मग येऊ दे. तुझं काय जातं?"

तू वळून माझ्याकडे असं बघितलंस की मी परत तो विषय काढला नाही.

तुला गावकऱ्यांना आधी सांगायचं होतं. शाळेच्या ओट्यावर तू बैठक घेतलीस. तू घरी येऊन सगळं सांगितलंस, म्हणून मला माहीत आहे. तू म्हणालीस, ह्या वर्षी बहुतेकांना क्रेडिट मिळणार नाही, कारण कर्ब वाढलेला नाही. कंपनीच्या माणसांनी त्यांना महिनाभर आधीच उलट सांगून ठेवलं होतं. पोपट उभा राहिला. मक्याच्या रानाचा तो तरणा पोरगा, पहिल्या वर्षी तुझं ऑगर घेऊन तुझ्यामागे फिरलेला.

"ताई, तुमी आमच्या का त्यांच्या, ते आधी सांगा," तो म्हणाला. "साहेब म्हनतेत वाढलाय. तुमीच म्हनताय नाय. आमच्या तोंडचा घास काढून तुमाला काय भेटनार हाय?"

तू त्यांना पिठाच्या डब्याची गोष्ट सांगायला लागलीस. कोणी ऐकलं नाही. लोक उठून गेले. मी तुला म्हणालो, "गेले खड्ड्यात. तू त्यांच्यासाठी भांडतेस आणि ते तुलाच शिव्या देतात." तू म्हणालीस, "शिव्या दिल्या नाहीत. विचारलं त्यांनी. मी असते तर मीही हेच विचारलं असतं." मला ते तुझं समजून घेणं कधी आवडलं नाही. आजही आवडत नाही. कोणावर तरी चिडायला हवं होतंस तू, ताई. मला सगळ्यांच्या वाटणीचं चिडावं लागतंय.

त्यानंतर त्यांनी तुझा करार वाढवला नाही. टीममध्ये बदल, असं कारण दिलं. नवीन माणसं कळवणला गेली आणि तुझ्या जागांवरून नाही, तर त्यांना हव्या त्या जागांवरून माती घेऊन आली. यमुनाबाईंनी तुला फोन करून सांगितलं, "पोरी, त्यांनी पोपटच्या उकिरड्याजवळनं माती नेली. मी बघितलं." आणि तू पुन्हा जायला लागलीस. स्वतःची स्कूटर, स्वतःचं पेट्रोल, स्वतःची पिशवी. कांदा निघून रानं मोकळी झाली होती, पेरणीच्या आधी सगळ्या मूळ जागांची माती पुन्हा काढून ठेवायची, असं तुझं चाललं होतं.

मी किती वेळा म्हणालो, ह्या उन्हात जाऊ नको. यंदाचं ऊन नेहमीचं नव्हतं. आमच्या शेडमध्ये दुपारी लोखंडाला हात लावता येत नव्हता. तुझी बीपीची गोळी सकाळी डब्याशेजारी तशीच पडलेली असायची. आई हाक मारेपर्यंत तू जिना उतरलेली असायचीस.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "थोडंच राहिलंय."

"सावलीत बस आधी."

"बसते."

"बसते नाही, बस. आत्ता."

"तू तिथून काय बघणार आहेस, मी बसले की नाही?" तू हसत म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मी नंतर त्या रानात गेलो तेव्हा यमुनाबाईंनी मला दाखवलं. मातीच्या पिशव्या बाभळीखाली होत्या. एकेक तोंड बांधून, ओळीने लावून, वर ओलं गोणपाट टाकून. मातीला ऊन लागू नये म्हणून तू ती व्यवस्थित सावलीत ठेवली होतीस. आणि तू स्वतः उघड्या रानात रिंग ठोकत होतीस.

यमुनाबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा तू बसली होतीस आणि काहीतरी असंबद्ध बोलत होतीस. त्यांनी तुझ्या डोक्यावर कळशी ओतली, आरडाओरडा केला. पोपट शेजारच्या रानातून धावत आला. त्यानेच तुला उचलून जीपमध्ये घातलं. कळवणला सलाईन लावलं, नाशिकला न्या म्हणाले. वणी मागे पडलं, दिंडोरी यायची होती. तिथे तू गेलीस. मी माझ्या कारखान्याच्या गेटवर गाडी शोधत उभा होतो.

उष्माघात, असं लिहिलंय. ज्या तापणाऱ्या हवेसाठी ही सगळी क्रेडिटची दुकानदारी चालते, त्या हवेने तुला नेलं, आणि दुकानदार फ्लेक्स घेऊन आले. मला ह्याच्यावर शांतपणे विचार करता येत नाही. कोणी करायला सांगूही नये.

पुण्यानुमोदनानंतर काही दिवसांनी तुझा फोन वाजला. तो अजून चार्ज करतो मी, आईला तुझे फोटो बघायचे असतात. समोरचा माणूस म्हणाला, उज्ज्वला मॅडम आहेत का? मी म्हणालो, त्या गेल्या. तो म्हणाला की क्रेडिट विकायच्या आधी प्रकल्पाची पडताळणी करणाऱ्या संस्थेतून बोलतोय. तू त्यांना फोन करून सांगितलं होतंस की नमुन्याच्या जागा बदलल्या आहेत. ते येणार होते. तुला भेटायचं होतं.

माझ्यासारखा एक तरी कुठे तरी बसलेला असेल, असं तू म्हणाली होतीस. होता. उशिरा निघाला.

"आम्हाला गावात घेऊन जाणारं कोणी आहे का?" त्याने विचारलं.

"मी आहे," मी म्हणालो.

दोन माणसं आली. पाऊस अजून पडलेला नव्हता. त्यांच्याकडे मूळ जागांची नोंद होतीच. मी फक्त रान कोणाचं, वाट कुठून, ते दाखवत होतो. यमुनाबाई पुढे चालत होत्या आणि बोट दाखवत होत्या. "त्या मानसांनी हितनं नेली. हितं उकिरडा व्हता. उज्ज्वलाबाईनं तितनं काढलेली." पोपट त्याच्या झोपडीच्या दारात उभा होता. तो जवळ आला नाही, पण त्याने अडवलंही नाही.

मी तुझ्या पिशव्या गाडीत घालून नेल्या होत्या. सगळ्या. मी त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यातला एकजण ओशाळला. म्हणाला, "आम्हाला ह्या घेता येणार नाहीत. त्या प्रकल्पात नसताना काढल्यात. नियमात बसत नाही. आम्ही आमच्या काढू."

ज्या मातीसाठी तू गेलीस ती माती मोजलीच जाणार नव्हती. आणि तुला हे माहीत नसणं शक्य नाही. नियम तुला तोंडपाठ होते. मग का गेलीस? मला त्या माणसाचा नाही, तुझा राग आला, तिथे, त्या रानात, इतका की मी बांधाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. यमुनाबाई मागून आल्या.

"मी तिला इचारलं व्हतं," त्या म्हणाल्या. "म्हनलं, पोरी, आता तुला कोन पगार देतंय? कशाला मरती उन्हात? तर म्हनली, मावशी, कोनासाठी नाय. माझंच कुठं चुकलं का, ते मला बघायचंय."

एवढंच. म्हणजे तू कंपनीच्या खोटेपणाचा पुरावा गोळा करत होतीस असं मी समजत होतो, आणि तू स्वतःचं काम तपासत होतीस. त्यांनी तुझ्यावर टाकलेला संशय तू मनात घेऊन बसली होतीस. मला सांगायचं होतंस. मी क्वालिटीत आहे, ताई. आपलंच माप चुकलं की काय ही धास्ती मला कळली नसती का? ह्या एका गोष्टीवर आपण भांडलो नसतो.

तुझं माप बरोबर होतं. पडताळणीवाल्यांच्या नमुन्यांचे आकडे आले ते तुझ्या आकड्यांशी जुळले. त्या माणसाने स्वतः फोन करून सांगितलं. त्या गावाचं क्रेडिट थांबलं. कंपनीचं त्या तालुक्यातलं ऑफिस बंद झालं, रोहन सर दुसऱ्या जिल्ह्यात गेले म्हणे, तिथे नवीन शेतकरी, नवीन फ्लेक्स. कोणाला शिक्षा झालेली नाही. हॉलला तुझं नाव देऊ नका म्हणून मी भांडायच्या तयारीत होतो. भांडायची वेळच आली नाही. पडताळणीनंतर तुझं नाव त्यांनाच नकोसं झालं.

परवा यमुनाबाईंचा फोन आला. "भाऊ, ये. लोकं तुला बोलवतेत."

शिव्या खायच्या तयारीने गेलो. शाळेच्या ओट्यावर सगळे बसले होते, तू जिथे बैठक घेतली होतीस तिथेच. पावसाने भिंती ओल्या झाल्या होत्या. मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. तुमच्या तोंडचा घास माझ्या बहिणीने काढला नाही, असं सुरू करणार होतो.

पोपट उठला. तो खाली बघून बोलायला लागला. "क्रेडिटचं जाऊ द्या. ते नव्हतंच आमच्या नशिबात. आमाला येगळंच इचारायचंय. आमी काडी जाळली नाय. नांगर घातला नाय. जे जे सांगितलं ते केलं. तरी आमच्या रानात कर्ब वाढला नाय, आन् मावशीच्या रानात वाढला. का? मावशी ताग पेरून हिरवाच मातीत गाडती म्हनून का? का आमच्या मातीतच खोट हाय? ते कोनीतरी नीट सांगा."

मागून कोणीतरी म्हणालं, "आन् काय केलं मंजी वाढंल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अगदी मनापासून बघत होते, ताई. कोणालाही क्रेडिट नको होतं. त्यांना त्यांच्या मातीचं जाणून घ्यायचं होतं. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून तू इतकी वर्षं त्या वाटेवर स्कूटर चालवलीस, आणि तो त्यांनी आत्ता विचारला. तू त्या ओट्यावर मांडी घालून बसली असतीस, आणि संध्याकाळपर्यंत उठली नसतीस.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

पोपट पटकन म्हणाला, "मग ज्यांना माहीत हाय त्यांना घिऊन या की."

आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मान खाली घातली. मग एकेकाने घातली.

मी नाही घातली. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो.